आवाज किती मोठा होता?

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर बसलेले निवृत्त न्यायमूर्ती, विभागाचे विद्यमान सचिव, आजच्या सत्कारमूर्ती, त्यांची रोजची उलटतपासणी घरी बिनतक्रार सहन करणारे त्यांचे यजमान, कायदा विभागातले माझे सहकारी, मागच्या रांगेत चहाच्या टेबलावर डोळा ठेवून बसलेले माझे मित्र, आणि पहिल्या रांगेत, हातातली पिशवी अजूनही खाली न ठेवलेली माझी आई, सर्वांना माझा नमस्कार.

मी या विभागाचा दुभाषी. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं बोलण्याचा पगार घेतला. त्यामुळे स्वतःचं एखादं वाक्य बोलायचं म्हटलं की मी आधी मूळ वक्ता शोधतो. संयोजकांनी मला बजावलं आहे, "थोडक्यात आटपा." मी मान डोलावली. आता मान डोलावली म्हणजे कबूल केलं असं होत नाही, हे निदान या विभागात तरी मी सांगायला नको! आपल्या देशाने कितीतरी करारांवर अशीच मान डोलावून सह्या केल्या आहेत, आणि मग त्या सह्यांचा अर्थ काय होतो हे विचारत फिरण्यात आजच्या सत्कारमूर्तींची उमेदीची सगळी वर्षं गेली.

आपल्यापैकी जे पाहुणे आहेत, त्यांना प्रश्न पडला असेल की या बाई नेमकं करत तरी काय होत्या? सांगतो. जगातल्या बहुतेक देशांनी मिळून एक करार केला आहे. माणसाचा वंश, रंग, कूळ, मूळ यांवरून त्याला कमी लेखायचं नाही, आणि लेखणाऱ्याला मोकळं सोडायचं नाही, असा तो करार. आपणही त्यात आहोत. सही करून विसरून जाता येत नाही. ठराविक काळाने एका समितीपुढे जाऊन सांगावं लागतं की बघा, आम्ही दिलेला शब्द असा असा पाळला. त्या समितीकडे पोलीस नाहीत, तुरुंग नाही. ती फक्त विचारते. आणि उत्तर गोलमाल आलं तर पुढच्या वेळी तोच प्रश्न पुन्हा विचारते. घरात एखादी आत्या असते ना, "नोकरीचं काय झालं रे?" म्हणून दर भेटीत विचारणारी, तशातला प्रकार.

या समितीपुढे जाण्याआधी आपल्या विभागात तालीम होते. वरच्या मजल्यावरच्या लांब खोलीत टेबलाच्या एका बाजूला शिष्टमंडळ बसतं, समोर एकानं समिती व्हायचं आणि प्रश्न विचारायचे. हे काम कुणालाच नको असायचं, कारण वरिष्ठांना अडचणीत आणणारे प्रश्न विचारून पुढे बढती कोण मागणार? बाईंनी ते काम घेतलं आणि पुन्हा कधी सोडलं नाही. म्हणून त्यांचं नावच 'समिती' पडलं. जिन्यात कुणी कुजबुजलं, "समिती आली, समिती आली," की सगळे आपापल्या फायली नीट धरायचे. बाईंना हे ठाऊक नव्हतं असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्या माहितीसाठी सांगतो, त्यांना ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

आता थोडं घरचं बोलतो. अध्यक्ष महोदय, विषयांतर नाही, विषयच तिथे आहे.

माझ्या आईचं बटणांचं दुकान आहे. बटणं, झिपा, लेस, अस्तराचं कापड, दोऱ्याची रिळं. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना आमच्याच लोकांची दुकानं. आमचे आजोबा-पणजोबा समुद्रापलीकडून गोदीत हमाली करायला इथे आले. आमचा रंग तेवढा त्यांच्यासारखाच राहिला. भाषा इथली झाली, भांडणंही इथलीच झाली. एका सकाळी त्या गल्लीत भोंगा लावलेली गाडी आली. भोंग्यातून एक माणूस बोलत होता. तो काय बोलला ते मी आत्ता सांगणार नाही. ते ज्यांनी सांगायचं त्यांनी योग्य ठिकाणी सांगितलं, आणि तिथपर्यंत आपण पोहोचणार आहोतच. दुसऱ्या दिवशी आईने दुकान उघडलं तर शटरसमोर ढेकूण-झुरळं मारायच्या औषधाचा रिकामा डबा ठेवलेला. शेजारच्या शिंप्याच्या दारातही तसाच. गल्लीतल्या प्रत्येक दारात एकेक डबा.

आई पोलिसांत गेली. तिथला अंमलदार भला माणूस होता, हे मी मुद्दाम सांगतो. त्याने कायद्याचं जाडजूड पुस्तक पुढून मागे आणि मागून पुढे चाळलं. त्यात त्याला दोन कलमं सापडली. गाडीवाल्यावर त्याने विनापरवाना भोंगा वाजवल्याचा गुन्हा दाखल केला, आणि डब्यांसाठी रस्त्यावर कचरा टाकल्याचा. तो म्हणाला, "मावशी, याहून जास्त माझ्या हातात काही नाही हो." आणि ते खरं होतं.

खटला उभा राहिला. माझी आई साक्षीदार. न्यायाधीशांनी विचारलं, "आवाज किती मोठा होता?"

आई म्हणाली, "आवाज बेताचाच होता साहेब, पण..."

"पणबिण राहू दे. बेताचा होता म्हणता ना?"

माझी आई गिऱ्हाइकाला वीतभर लेससुद्धा कमी मोजून देत नाही. ती कोर्टात शपथेवर खोटं कशी बोलणार? ती म्हणाली, "हो, बेताचाच." झालं! गाडीवाला सुटला. डबे ठेवताना तर त्याला कुणी पाहिलंच नव्हतं. जाताना त्याने आईला वाकून नमस्कार केला. घरी येऊन आई मला म्हणाली, "अरे, तो काय बोलला ते कुणी विचारलंच नाही." एवढंच बोलली आणि बटणं रंगाप्रमाणे लावायला बसली. लावलेली पुन्हा काढून पुन्हा लावत होती.

मी हे ऑफिसात चहा पिताना बाईंना सांगितलं, थोडं हसत हसतच. आपल्या अपमानाची गोष्ट माणूस हसत सांगतो, कारण दुसरं काय करणार? बाईही आधी हसल्या. मग त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "तुझ्या आईचं दुकान कुठे आहे?" त्या शनिवारी त्या दुकानात गेल्या. कोर्टातला एकेक शब्द आईकडून काढून घेतला आणि उठताना संकोच वाटला म्हणून कोटाची बटणं विकत घेतली. नंतर त्या वरचेवर जायला लागल्या आणि दर वेळी बटणं घ्यायला लागल्या. त्यांच्या यजमानांच्या कोटाचं एक बटण तुटलं तर चिंता नाही. कोटच कमी पडतील!

त्यानंतरच्या तालमीत बाईंनी पहिलाच प्रश्न टाकला. शिष्टमंडळाचे प्रमुख होते त्यावेळचे सचिव, म्हणजे आपले आजचे अध्यक्ष महोदय. साहेब, आपण हसताय म्हणजे परवानगी आहे असं मी धरून चालतो. साहेबांनी तयार उत्तर दिलं, "अशा प्रकरणांत आमच्या देशात कायद्यानुसार कठोर कारवाई होते."

"कोणत्या कलमाखाली?"

"पुढचा प्रश्न घ्या."

"समितीला पुढचा प्रश्न नाही. कोणत्या कलमाखाली?"

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं, पाणी प्यायले आणि शेवटी उखडले, "बाई, पुरे करा! तुम्हालाही माहीत आहे, मलाही माहीत आहे, तसलं कलमच नाही आपल्याकडे. आवाजाच्या कलमावर भागवतो आपण!" सगळी खोली हसली, चहा आला आणि विषय संपला. पण पुढच्या तालमीत बाईंनी तेच विचारलं. त्याच्या पुढच्या तालमीतही. आणि दर वेळी साहेब त्याच ठिकाणी, त्याच शब्दांत उखडायचे. आम्हाला ते इतकं पाठ झालं होतं की शिपाई तेवढ्यावर चहाचा ट्रे आत आणायचा.

मग प्रत्यक्ष समितीपुढे जायची वेळ आली. मोठं सभागृह, प्रत्येकासमोर ध्वनिक्षेपक, बोलणाऱ्याच्या ध्वनिक्षेपकाचा लाल दिवा लागतो. आपली भाषा त्या सभागृहाच्या ठरलेल्या भाषांत बसत नाही, म्हणून दुभाषी आपण आपला नेतो. मी साहेबांच्या उजवीकडे बसलो होतो, बाई डावीकडे, जरा मागे. साहेबांनी तयार निवेदन वाचलं. आमच्या देशात वंशद्वेषाला थारा नाही, असं एक वाक्य त्यात होतं. ते मी भाषांतरित करून बोललो. माझ्या आईच्या दारातल्या डब्यासकट बोललो. धंदाच तो.

मग समितीतल्या एका वयस्क सदस्या पुढे झुकल्या. अगदी शांतपणे त्यांनी विचारलं, "कोणत्या कलमाखाली?"

मी ते साहेबांना आपल्या भाषेत सांगितलं. आणि सभ्य स्त्री-पुरुषहो, इतक्या तालमी केल्याचा परिणाम पाहा! साहेबांनी समोर पाहिलंच नाही. प्रश्न बाईंचाच समजून सवयीने त्यांना शोधत डावीकडे वळले आणि उखडले, "बाई, पुरे करा! तुम्हालाही माहीत आहे, मलाही माहीत आहे, तसलं कलमच नाही आपल्याकडे. आवाजाच्या कलमावर भागवतो आपण!"

लाल दिवा चालू होता.

समितीला अर्थातच एक अक्षर कळलं नव्हतं. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. आता दुभाष्याच्या धंद्यात खोकला फार उपयोगी असतो. मला खोकता आलं असतं. "प्रमुख महोदय सहकाऱ्यांशी सल्लामसलत करत आहेत," असं एक गुळगुळीत वाक्य टाकून देता आलं असतं, आणि त्याबद्दल घरी आल्यावर माझी पाठही थोपटली गेली असती. पण नियम असा आहे की दिवा चालू असताना जे बोललं जातं, ते सगळं सांगायचं. मी सगळं सांगितलं. 'बाई, पुरे करा'पासून 'भागवतो'पर्यंत, साहेबांच्याच सुरात. आयुष्यात इतकं चोख भाषांतर मी दुसरं केलेलं नाही, आणि याचा मला अभिमान आहे.

त्या सदस्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "या बाई कोण?"

यानंतर जे झालं त्यासाठी मी आज आपल्या अध्यक्षांनाही नमस्कार करतो. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांना सारवासारव करता आली असती. त्यांनी आपल्यासमोरचा ध्वनिक्षेपक उचलला आणि बाईंसमोर ठेवला. म्हणाले, "बोला. तुम्हीच बोला आता."

बाई उठून उभ्या राहिल्या. तिथे कुणी उभं राहत नाही, पण त्या राहिल्या. म्हणाल्या, "आमच्या तालमीत मी समिती असते. आज खरी समिती भेटली, बरं वाटलं." समिती हसली. मग बाईंनी गल्ली सांगितली, गाडी सांगितली, डबे सांगितले, कोर्टातला प्रश्न सांगितला. म्हणाल्या, "या कराराच्या चौथ्या कलमात आम्ही शब्द दिला आहे की एखाद्या वंशाविरुद्ध द्वेष पसरवणं, लोकांना चिथावणं, हा आम्ही कायद्याने गुन्हा ठरवू. आम्ही तो ठरवलेला नाही. आमच्याकडे आवाजाचं कलम आहे. कचऱ्याचं आहे. त्या गल्लीतल्या माणसांसाठी नाही. पुढच्या वेळी आम्ही इथे येऊ तेव्हा ते घेऊन येऊ."

मी शेजारी बसून एकेक वाक्य भाषांतरित करत होतो. गल्ली माझी, दुकान माझं, आई माझी, आणि बोलत होत्या बाई. 'बटणांचं दुकान' म्हणताना माझा आवाज फाटला. मी पाणी प्यायलो आणि पुढे गेलो.

आम्ही परतलो. ऑफिसात बातमी आमच्या आधी पोहोचली होती. बाईंना निलंबित करणार, दुभाष्याला घरी बसवणार, असं सगळे छातीठोकपणे सांगत होते. माझी आई मला म्हणाली, "दुकानात ये, तुला लेस मोजायला शिकवते." मंत्र्यांनी बाईंकडे खुलासा मागितला तेव्हा साहेब स्वतः आत गेले. दार अर्धवट उघडं होतं, म्हणून मला ऐकू आलं. तेवढा कान माझ्या धंद्यात लागतो. साहेब म्हणाले, "दिवा माझ्यासमोरचा लागला होता. बोललो मी. बाईंना कशाला विचारता? आणि आता बोललोच आहे तर निस्तरायला पण मलाच हवं. कायद्याचा मसुदा करायला घेतो. बाई लिहितील."

आणि बाईंनी लिहिला. झेरॉक्स मशीनशेजारच्या त्या कोंदट खोलीत लिहिला. आता तालीम उलटी झाली. बाई एकेक वाक्य मांडायच्या आणि आम्ही त्यावर तुटून पडायचं, असा त्यांचा हुकूम होता. व्यासपीठावरच्या न्यायमूर्तींनी तर त्यांना अक्षरशः छळलं. ते म्हणाले, "बाई, उद्या एखादं सरकार या कलमाखाली टीका करणाऱ्यालाच उचलेल. मग?" बाईंनी ते वाक्य खोडलं. कुणीतरी 'मन दुखावणे' असा शब्द सुचवला. बाई म्हणाल्या, "मन दुखावण्यावर शिक्षा ठेवली तर निम्मा देश सासरच्या माणसांवर खटले भरेल." तोही शब्द गेला. बोलण्याचं स्वातंत्र्य हाही त्याच जगाला दिलेला शब्द आहे, असं त्या पुन्हा पुन्हा सांगायच्या. एक शब्द पाळायला दुसरा मोडायचा नाही. महिनोन् महिने खोडून खोडून जे उरलं, ते एवढंच. जाहीरपणे, जाणूनबुजून, माणसांच्या वंशावरून, रंगावरून, मुळावरून त्यांच्याविरुद्ध द्वेष किंवा हिंसा भडकवणं. वाचायला घेतलं तर एका दमात वाचून होतं.

मसुद्यावर लोकांची मतं मागवली तेव्हा माझी आईही आली. तिला विचारलं, शिक्षा किती असावी? ती म्हणाली, "त्याला किती दिवस आत घालायचं ते तुम्ही ठरवा. मला सकाळी शटर वर करताना आजूबाजूला बघावं लागू नये, एवढं बघा." बाईंनी ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं. मंत्री बदलले, सरकार बदललं, कायदा दोनदा परत आला, आणि बाई प्रत्येक नव्या साहेबाला पहिल्यापासून समजावत बसल्या. शेवटी तो मंजूर झाला. त्या दिवशी विभागात पहिल्यांदा चहा कुणी उखडल्याशिवाय आला.

पण कायदा मंजूर होणं म्हणजे काय? पुस्तकात एक पान वाढलं, इतकंच. खरी परीक्षा पुढेच होती. काही वर्षांनी बाजाराच्या कोपऱ्यावर एक माणूस खुर्चीवर उभा राहून बोलायला लागला. भोंगा नव्हता. हे लोकही शिकतात बरं का! आवाज असा गोड आणि मऊ की जणू तब्येतीची चौकशी करतोय. दुसऱ्या दिवशी गल्लीत पुन्हा डबे.

कोर्टात पुन्हा माझी आई. आता केस पांढरे, गुडघे दुखतात, पण साक्ष द्यायला उभीच राहिली. आरोपीच्या वकिलाने छाती पुढे काढून विचारलं, "माझ्या अशिलाने भोंगा लावला होता का? आवाज किती मोठा होता?"

आई म्हणाली, "आवाज बेताचाच होता."

वकील हसत खाली बसायला निघाला. पण न्यायाधीशबाईंनी हात वर केला. "आवाजाचं राहू द्या, वकीलसाहेब. आजी, तो काय म्हणाला ते सांगा."

आणि माझ्या आईने सांगितलं. इतकी वर्षं जे तिच्याकडे कुणी मागितलं नव्हतं, ते तिने भर कोर्टात सांगितलं. "तो म्हणाला, ही माणसं नव्हेत, कीड आहे. कीड सांगून जात नाही, औषध मारावं लागतं. गाडीवालाही हेच म्हणाला होता बाईसाहेब, तेव्हा कुणी विचारलं नाही." तिने एकही शब्द गाळला नाही, एकही वाढवला नाही. सांगून झाल्यावर ती त्या माणसाकडे बघत राहिली. या वेळी नमस्कार वगैरे काही झाला नाही. त्याने मान खाली घातली. त्याला शिक्षा झाली, ती वरच्या कोर्टातही टिकली, कारण त्या कलमातला प्रत्येक शब्द आधीच आम्ही सगळ्यांनी झोडपून काढलेला होता.

त्या दिवशी बाई मागच्या बाकावर, साध्या प्रेक्षकांत बसल्या होत्या. कुणाला कळवलं नव्हतं, रजा टाकून आल्या होत्या. बाहेर आल्यावर आईने त्यांचा हात धरला. भाषांतर करायला तिथे काही नव्हतं, म्हणून मी बाजूला उभा राहिलो.

बाई, तुम्ही समितीला शब्द दिला होता, पुढच्या वेळी येऊ तेव्हा कलम घेऊन येऊ. तसं आपण गेलो. त्याच वयस्क सदस्याबाईंनी त्याच आवाजात विचारलं, "कोणत्या कलमाखाली?" आणि तुम्ही कलमाचा आकडा सांगितला. फक्त आकडा. माझ्या सगळ्या नोकरीतलं ते सगळ्यात लहान भाषांतर. तो आकडा बोलताना मला वाटलं की आज हा देश माझ्या तोंडून बोलतोय आणि खरं बोलतोय.

पुढच्या महिन्यात पुन्हा तालीम आहे. टेबलाच्या पलीकडे तुमची खुर्ची असेल. तिच्यावर कोण बसणार, यावर विभागात बरीच कुजबूज चालू आहे. परवा तुम्ही मला म्हणालात, "तू बस." मी म्हणालो, "मी दुभाषी आहे, प्रश्न विचारणं माझं काम नाही." तुम्ही म्हणालात, "कोर्टात उभं राहणं तुझ्या आईचंही काम नव्हतं." मी बसणार आहे, बाई. विद्यमान सचिव साहेबांनी पाण्याचा पेला जवळ ठेवावा.

आईच्या पिशवीत तुमच्यासाठी काय आहे, ते तुम्ही ओळखलंच असेल. यजमानांनी कृपया नवा कोट शिवायला टाकावा.

अध्यक्ष महोदय, आपण स्वतःवरची गोष्ट भर सभेत सांगू दिलीत, आपले आभार. न्यायमूर्ती, सचिव साहेब, संयोजक आणि इतका वेळ चहा थांबवून ऐकत बसलेले तुम्ही सर्व, तुमचेही मनापासून आभार. बोलण्याच्या भरात मानाचा क्रम चुकला असेल, वेळ जास्त घेतला असेल, मधेच माझा आवाज मोठा झाला असेल, तर त्याबद्दल मला क्षमा करा.

काय बोललो, ते मात्र कुणीही विचारा. मी पुन्हा सांगेन.